सहा नंबरवर न लिहिलेली ओळ

संस्थेत त्यांना सगळे कोठावळे म्हणायचे. नव्याने लागलेल्यांना ते आडनावच वाटायचं आणि पहिले पंधरा दिवस ते बिचारे अदबीने "कोठावळे साहेब" अशी हाक मारायचे. खरं आडनाव भलतंच होतं. कॉम्प्युटरवर जे काही बसवायचं ते कोठारातूनच, बाहेरचं काही चालणार नाही, असा त्यांचा हेका होता. म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांना ठाऊक होतं. चिडायचं सोडून ते म्हणायचे, "कोठावळा तर कोठावळा. माझ्याकडे उंदीर तरी लागत नाहीत."

मी त्यांना काका म्हणायचे. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि आज त्यांच्या खुर्चीत बसते. ती खुर्ची मला कशी मिळाली ते सांगणार आहे. ऐकल्यावर माझ्याबद्दल कुणाचं चांगलं मत राहणार नाही, आणि राहू नये.

आमची संस्था नकाशे करते. विमानातून जमिनीचे हजारो फोटो काढायचे आणि ते एकमेकांना जोडून नद्या, टेकड्या, रस्ते, घरांची छपरं असा सलग नकाशा उभा करायचा. हे जोडकाम आठ दांडगी मशीन करतात. तळमजल्यावरच्या गारढोण खोलीत ती ओळीने मांडलेली आहेत, एक ते आठ नंबर घातलेली. प्रत्येकात चित्रं जोडून पडद्यावर दाखवणारं एक ग्राफिक्स कार्ड आणि सगळी लिनक्सवर चालणारी.

आता कार्ड नुसतं खोचून भागत नाही. मशीनचं बोलणं कार्डाला आणि कार्डाचं मशीनला समजावून सांगणारा एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो दोन वाटांनी आणता येतो. एक वाट काकांची. लिनक्स बांधणाऱ्यांचं स्वतःचं भलंमोठं कोठार असतं, त्यातून पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम ड्रायव्हर आणतो, कुठली फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवतो, आणि मशीनचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की ड्रायव्हरही आपणहून त्याच्या मापाचा करून घेतो. यात खोट एकच, कोठारातला माल महिना-दोन महिने जुना असतो. दुसरी वाट उतावळ्यांची. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून थेट इन्स्टॉलर उतरवून घ्यायचा, चालवायचा, तो तीन-चार प्रश्न विचारतो त्यांना न वाचता हो म्हणायचं. पाच मिनिटांत ताजा ड्रायव्हर तयार. फक्त तो आपल्या फाइली मनाला येईल तिथे टाकून मोकळा होतो आणि पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच नसतो.

"पाहुणा मागच्या दाराने आला तर यजमानाने त्याचं ताट कसं वाढायचं?" काका विचारायचे. 'लेटेस्ट' हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. बुटके, किंचित पोक आलेले, गळ्यात दोरीला अडकवलेला जवळचा चष्मा आणि नाकावर लांबचा. रंगाऱ्याच्या कुंचल्याने ते मशीनची धूळ झटकायचे आणि झटकताना मशीनशी बोलायचे. "काय रे, आज अंग गरम का?" आम्ही मागे हसायचो. पण त्यांच्या आठ मशीनपैकी एकही सहा वर्षांत कामाच्या दिवशी बंद पडलं नाही, हे हसणाऱ्यांपैकी कुणी कधी बोलून दाखवलं नाही. न बिघडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करतं?

त्यांची एक शिस्त होती. प्रत्येक मशीनच्या कुशीवर पांढरी कागदी चिकटपट्टी लावलेली असायची. मशीनला हात लावणाऱ्याने काय केलं, कधी केलं आणि कुणी केलं ते त्यावर एका ओळीत लिहायचं. पट्टी भरली की तिच्यावर दुसरी. एक नंबरच्या कुशीवर तर पट्ट्यांचा बोटभर जाड थर झाला होता. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात आधी पेन दिलं आणि मग पासवर्ड.

"मशीनला विचारण्याआधी पट्टीला विचारायचं," ते म्हणाले. "आणि पट्टीवर आहे ते खरं मानायचं. नाहीतर लिहायचं कशाला?"

काका राहायचे संस्थेच्याच आवारात, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. नोकरी आहे तोवर खोल्या. काकूंची नजर कडेकडेने विझत आत आली होती आणि आता त्यांना उजेड-अंधार एवढंच कळायचं. पण त्या दोन खोल्यांत त्या अशा वावरायच्या की पाहुण्याला कळूही नये. दारापासून नळ पाच पावलं, नळापासून ओटा दोन, पलंगाचा कोपरा मांडीला लागतो तिथून डावीकडे वळायचं. मी गेले की पावलांवरून ओळखायच्या. "आलीस गं? बैस, पंख्याखाली बैस." काका एकदा मला म्हणाले होते, "बाकी कुठेही गेलो तर हिला पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकावं लागेल. आणि आता ते वय नाही गं तिचं."

हे मला माहीत होतं. सगळं माहीत असताना मी जे केलं ते केलं.

त्या वर्षी नवीन संचालक आले आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की तांत्रिक विभागात दोन माणसं जास्त होतात. वर्षअखेरीस एक राहील. कोण, ते काम बघून ठरवू. काकांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि मुलगी शाळेत. कारणं काय, प्रत्येकाकडे असतात.

बैठकीतून जिना उतरताना काका म्हणाले, "तू काळजी करू नकोस. दोघांनी नीट काम केलं तर त्यांनाच कळेल की दोघं लागतात." असा भाबडा माणूस. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हे आज कबूल करते.

मग नदीकाठच्या वस्त्यांचा नकाशा आला. पूर आला तर कुठली घरं आधी पाण्याखाली जातील ते त्यावरून ठरणार होतं, आणि सरकारी खात्याचे मोठे लोक तो बघायला यायचे होते. जोडकामाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली होती. जुन्या आवृत्तीला चार दिवस लागायचे ते काम ती एका दिवसात करायची, पण तिला नवा ड्रायव्हर हवा होता आणि कोठारात अजून जुनाच होता.

"येईल," काका म्हणाले. "तीन आठवडे थांबू. तपासून येईल."

"काका, तीन आठवड्यांनी पाहुणे येतायत."

"मग जुन्यावर करू. चार दिवस तर चार दिवस. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?"

पुढच्या शुक्रवारी ते रजेवर होते, काकूंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सकाळीच मी सहा नंबरसमोर बसले, कंपनीच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवला आणि चालवला. त्याने मला बजावलं की या मशीनवर आधीच कोठारातला ड्रायव्हर दिसतो आहे, तरी पुढे जायचं का? मी हो म्हटलं. पाच मिनिटं लागली. नवं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि नदी माझ्या डोळ्यांदेखत जुळत गेली, काठ, पूल, छपरं. मी खरोखर टाळी वाजवली.

पेन पट्टीजवळच लटकत होतं. मी विचार केला, सोमवारी काका आले की आधी तोंडी सांगू आणि मग लिहू, म्हणजे ते एकदम भडकणार नाहीत. संध्याकाळी संचालक खाली आले, नकाशा पाहून म्हणाले, "हे एका दिवसात? वा! अशी माणसं हवीत." झालं. त्या "वा"ने माझं तोंड शिवलं.

सोमवारी काकांनी विचारलं, "सहावर नवं सॉफ्टवेअर चाललं कसं गं?"

"त्या लोकांनी जुन्या ड्रायव्हरसाठी दुरुस्ती दिलीय," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

त्यांनी पट्टीकडे नजर टाकली. तिथे काही नव्हतं. "बरं झालं," ते म्हणाले आणि कुंचला घेऊन सात नंबरकडे वळले.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते सगळ्या मशीनचे अपडेट करायचे. या खेपेला नवा कर्नलही होता. सात मशीन त्यांनी बंद-चालू करून तपासली. सहावर माझी गणना चालू होती म्हणून ते चालूच ठेवलं आणि मला म्हणाले, "तुझं संपलं की तू रीबूट कर आणि बघ जरा." पट्टीवर लिहिलं: कर्नल नवा, रीबूट बाकी. खाली स्वतःची सही.

माझं त्याच दिवशी संपलं. मी रीबूट केलं नाही. काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं असं नाही, पण सहा वर्षं मी काही झोपा काढत नव्हते. मागच्या दाराच्या पाहुण्याला नवा गाभा ओळखणार नाही, एवढं मला कळत होतं. मशीन चालू आहे तोवर चालू आहे. मी नऊ दिवस त्याला हात लावला नाही.

पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी संचालकांना ऐन वेळी सुचलं की एवढ्या लोकांना थंड खोलीत कशाला न्यायचं, मशीनच वर सभागृहात आणा. मी म्हणाले, "हलवायला नको." ते म्हणाले, "का, काच आहे का?" शिपायांनी तारा काढल्या, सहा नंबर ट्रॉलीवर चढवला, वर नेला, पुन्हा तारा जोडल्या. काकांनी बटण दाबलं.

पडदा काळा. डावीकडे वर एक पांढरी रेघ, लुकलुकणारी.

पाहुणे अकरा जण होते. पाणी प्यायले, घड्याळाकडे पाहिलं. काकांनी कीबोर्ड ओढला, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला लागले. मशीनने सांगितलं की ड्रायव्हरचे दोन भाग दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आहेत. काकांनी गळ्यातला चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग वळून, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात विचारलं, "या मशीनवर कुणी काही टाकलंय का?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. एक वाक्य पुरलं असतं. काका, मी बाहेरचा इन्स्टॉलर चालवला होता. एवढं कळलं असतं तर त्यांनी जुन्या कर्नलवर मशीन उठवलं असतं आणि दोन मिनिटांत नदी पडद्यावर आली असती. मी मूग गिळून उभी राहिले.

कुणी बोललं नाही म्हणून त्यांनी खाली वाकून पट्टी वाचली. शेवटची ओळ त्यांचीच. कर्नल नवा, रीबूट बाकी. मला त्यांचा चेहरा दिसत होता. पट्टीवर आहे ते खरं, तेव्हा चूक आपलीच, हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. आपलं शनिवारचं अपडेट अर्धवट बसलं असणार, या समजुतीने त्यांनी कोठारातलं पॅकेज काढलं आणि पुन्हा बसवलं. माझ्या इन्स्टॉलरने भलतीकडे टाकलेल्या फाइली तशाच राहिल्या, त्या पॅकेजला दिसतच नव्हत्या. पडदा काळा. आणि या काढ-घालीत जुन्या कर्नलवरून उठायची वाटही बुजली.

"दुसरं मशीन आणा ना," संचालक दात आवळून म्हणाले.

"नवं सॉफ्टवेअर सहावरच आहे, आणि नकाशा त्यातच उघडतो," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अगं, ती दुरुस्ती बाकीच्यांवर टाकली नाहीस का?"

"वेळ नाही मिळाला," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. खरंच, मान डोलावली.

दीड तासाने पाहुणे उठले. त्यांच्यातला एक जण जाता जाता म्हणाला, नकाशा कागदावर पाठवून द्या, आणि बाकीचे हसले. दार लागल्यावर संचालकांनी विचारलं, "याला जबाबदार कोण?"

"शनिवारचं अपडेट मी केलं होतं," काका म्हणाले. "पूर्ण झालं की नाही ते मी बघायला हवं होतं. माझी चूक आहे."

संचालकांना निमित्तच हवं होतं, ते कुणी ताटात वाढून दिलं तर सोडतील कशाला? सगळं खापर काकांच्या डोक्यावर फुटलं आणि खापर धरायला त्यांनीच डोकं पुढे केलं होतं. मला वाटलं होतं, उद्या सांगू. मग वाटलं, चौकशी झाली की सांगू. चौकशी झालीच नाही. वर्षअखेरीपर्यंतही कुणी थांबलं नाही. महिनाभरात त्यांना पत्र मिळालं आणि खोल्या रिकाम्या करायला आणखी एक महिना. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र आलं. घरी नवऱ्याने माझं तोंड गोड केलं. ते गोड मी गिळलं, आणि त्या रात्री मला झोपही लागली, तेही सांगून टाकते.

शेवटचे दोन दिवस काकांनी सहा नंबर पार पुसून नव्याने बसवला. "तुझ्या हातात नीट द्यायला हवं," म्हणाले. त्यानंतर जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी कधी ठेवला नव्हता. मी त्याचा अर्थ लावायचं टाळलं. टाळण्यात मी आता तरबेज झाले होते.

सात महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. आठव्या महिन्यात मात्र जावं लागलं, आणि तेही माझ्याच गरजेपोटी. काकांनी संस्थेतच लिनक्सच्या कोठाराची एक प्रत करून ठेवली होती, आठही मशीन तिथूनच माल घ्यायची. ती अचानक बंद पडली. दोन आठवडे मी डोकं आपटलं, नाकी नऊ आले. संचालक आता मला विचारायला लागले होते, "पूर्वी असं होत नव्हतं ना?" म्हणून मी पत्ता शोधत निघाले.

तिसरा मजला, अरुंद जिना, प्रत्येक वळणावर कुणाच्या तरी सायकली. दार काकूंनी उघडलं. त्यांच्या उजव्या भुवईवर जखमेची ताजी खपली होती आणि नडगीवर निळे-काळे डाग.

"कोण?" त्यांनी विचारलं. माझी पावलं ओळखली नाहीत.

मी नाव सांगितलं. "या," म्हणाल्या. "बसा. ते कामावर गेलेत." काका आता एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटर दुरुस्त करत होते. सहा वर्षं मला "अगं" म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून "बसा" ऐकलं आणि मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

त्या भिंत धरून ओट्याकडे गेल्या. वाटेत स्टुलाला अडखळल्या. मी उठले तर म्हणाल्या, "राहू द्या. सवय करायची आहे." चहा केला, दोन्ही हातांनी कप धरून आणला, मी तो मध्येच घेतला. मग त्या समोर बसल्या.

"निघायच्या आदल्या दिवशी त्यांना सापडलं," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही. तो बाहेरचा प्रोग्रॅम स्वतःची नोंद मशीनमध्ये ठेवतो म्हणे. तारीख, वेळ, कुणी चालवला, सगळं. आम्ही दवाखान्यात होतो तो शुक्रवार."

मी कप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी म्हटलं, वर जाऊन सांगा. अजून वेळ आहे, घर राहील. तर म्हणाले, तिला त्या दिवशी कळलंच नसणार गं, की हे त्यामुळे झालंय. कळलं असतं तर ती तिथल्या तिथे बोलली असती. सहा वर्षं मी शिकवलंय तिला. आता मी नाव घेतलं तर पोरीची नोकरी जाईल, आणि तीही एका विसरलेल्या ओळीपायी." त्यांनी पदर सारखा केला. "घरी येऊन तेवढं बोलले आणि मग मशीन पुसायला परत गेले. ती नोंदही पुसली त्यांनी."

खालून कुणीतरी सायकल घासत नेल्याचा आवाज आला. काकूंनी चेहरा माझ्या दिशेने धरला होता, थोडा चुकून, माझ्या खांद्याकडे.

"त्यांच्यासमोर मी हे कधीच काढणार नाही. त्यांना तेवढंच उरलंय. पण मला एकदा विचारायचं होतं. ते सगळ्यांसमोर विचारत होते आणि तुम्ही तिथे उभ्या होतात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

सांगायला याहून सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. ऐकणारी एकच बाई, तीही माझं तोंड न पाहू शकणारी. नोकरीला धोका नाही, पुरावा पुसलेला. मी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट चाचपलं, तिथून बोटं कपापर्यंत नेली आणि कप माझ्या हातातून काढून घेतला.

"काकू, अजून प्यायले नाही मी. गरम आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि भिंत धरून तो ओतून टाकायला मोरीकडे गेल्या.